गाडीबसव्या

ज्या छोट्या मोटारीची मागची काच डिकीच्या झाकणासकट दारासारखी वर उघडते तिला हॅचबॅक म्हणतात, आणि अशी मोटार घेतल्यावर तिची जमिनीपासूनची उंची स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या पगारातून आणि घरच्यांच्या डोळ्यांदेखत कमी करणारा तरुण हा महाराष्ट्रातील एक स्वतंत्र सामाजिक नमुना मानावा लागतो. तो पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूरपर्यंत कोठेही आढळतो. परंतु जेथे कारखाने आहेत, कारखान्यांमुळे डिप्लोमाधारक आहेत आणि डिप्लोमाधारकांमुळे पाने-पकडी उसन्या मिळण्याची सोय आहे, अशा भोसरी-चाकणच्या आसमंतात तो अधिक जोमाने वाढतो. गाडीची उंची उतरवण्याच्या क्रियेला तो स्वतः गाडी खाली बसवणे म्हणतो, म्हणून येथे त्याला गाडीबसव्या म्हटले आहे. त्याचे वय बहुधा बावीस ते अठ्ठावीस असते, नोकरी पाळीची असते, गाडी बहुतेक वेळा कोणा दूरच्या आत्याच्या यजमानांनी जपून वापरलेली मारुती स्विफ्ट असते, आणि तिच्या कर्जाला जामीन राहिलेल्या वडिलांना या बेताची कल्पना दिलेली नसते.

या नमुन्याचे मूळ दुःख दृष्टीचे आहे. स्विफ्ट २००५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची जमिनीपासूनची मोकळी उंची, म्हणजे गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग आणि रस्ता यांमधले अंतर, १७० मिलिमीटर होती, आणि २०१८ च्या पिढीत ती १६३ वर आली. भारतात विकायच्या छोट्या गाड्यांना हे अंतर सढळ हाताने दिलेले असते, कारण येथे गाडीला खड्डा, चर, पावसाळ्यातले तळे, ड्रेनेजचे वर आलेले झाकण आणि मागच्या बाकावरचे चार जण व त्यांच्या मांडीवरचा पाचवा, एवढ्यांना एकाच फेरीत तोंड द्यावे लागते. अभियंत्यांनी विचारपूर्वक दिलेल्या या देणगीत गाडीबसव्याला मात्र फक्त एक पोकळी दिसते: चाकाचा वरचा काठ आणि मडगार्डची कमान यांमधली, जिला तो गॅप म्हणतो. ही गॅप तो बोटांनी मोजतो. मूळ गाडीत चार बोटे सहज जातात, आणि ती गेली की त्याच्या चेहऱ्यावर जी कळा येते ती पगारवाढीच्या पत्रातला आकडा वाचूनही येत नाही. इतरांच्या गाड्यांची गॅपही तो जाता-येता मोजतो. मुलगी पाहायला गेला तरी आधी तिच्या वडिलांच्या गाडीच्या मडगार्डखाली हात घालून मगच चपला काढतो.

गाडी किती उंच उभी राहील हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते. स्विफ्टच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ती सिद्ध केली आणि फोर्डच्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. तीत स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर, म्हणजे स्प्रिंगची उसळी तेलाच्या अडथळ्याने शमवणारी नळी, जिला गॅरेजात सर्रास शॉकअप म्हणतात, ही दोन्ही एकाच उभ्या खांबात एकात एक बसवलेली असतात. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आणि थोडा पीळ सोसणारी पोलादी तुळई असते, आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, त्या तुळईवर ठेवलेली असते. स्प्रिंग आखूड केली की गाडी खाली येते, एवढे ज्ञान गाडीबसव्याला आरंभी पुरते. उरलेले त्याला यथाक्रम, पावत्यांच्या रूपाने मिळत जाते.

साधनांवरून या संप्रदायाचे तीन पंथ पडतात. धनवान पंथ कॉइलओव्हर वापरतो, ज्यात नळीवर आटे पाडलेले असतात आणि त्यांवरचे कडे फिरवून उंची वर किंवा खाली करता येते. ते कडे कोणी वर फिरवल्याचे मात्र ऐकिवात नाही. मधला पंथ तयार मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगा घेतो, तीस-चाळीस मिलिमीटरांवर समाधान मानतो, आणि मध्यममार्गी माणसाच्या वाट्याला येणारी दोन्हीकडची टीका सोसतो. तिसरा पंथ कापणाऱ्यांचा: मूळ स्प्रिंग काढायची, फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या मित्राच्या ग्राइंडरखाली धरायची, एक वेटोळे उडवायचे आणि परत बसवायची. हा मार्ग जवळजवळ फुकट असल्यामुळे त्याचे दोष त्या पंथीयांना सांगून उपयोग नसतो, तरी नोंद केली पाहिजे की स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून पाचांतले एक वेटोळे गेले की उरलेली स्प्रिंग पंचवीस टक्के अधिक ताठ होते. गाडी खाली येते आणि वर आदळूही लागते. शिवाय चाक खड्ड्यात पुरते लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या वाटीत सैल पडते, आणि चाक परत वर येताना ती नेमक्या जागी बसेलच याची हमी नसते. काही अतिउत्साही लोक कापण्याचेही कष्ट न घेता गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून तिला जागच्या जागी मान टाकायला लावतात. त्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते, आणि पुढे किती व केव्हा बसायचे हे ती स्प्रिंग स्वतःच ठरवू लागते.

हेच काम गॅरेजात अर्ध्या दिवसात होते. तरी ते घरी करण्याचा आग्रह असतो, कारण त्याने मजुरी वाचते, आणि वाचलेली मजुरी मदतीला आलेल्या मित्रांच्या वडापाव, चहा आणि दुपारच्या बिर्याणीवर खर्च होऊन हिशेब जुळतो. स्थळ म्हणजे सोसायटीचे पार्किंग, वार म्हणजे रविवार. सामग्रीची जमवाजमव आठवडाभर आधीपासून चालते: एक जॅक गाडीतलाच, दुसरा सहकाऱ्याच्या गाडीतला, पान्यांचा डबा पाळीतल्या मित्राचा, आणि स्प्रिंग दाबण्याचे कॉम्प्रेसर, म्हणजे आकड्यांनी वेटोळी पकडून आट्यांच्या दांड्याने ती एकमेकांजवळ आणणारी जोडी, नाना पेठेतल्या दुकानातून किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली. उचललेली गाडी टेकवण्यासाठी लोखंडी स्टँड मिळाले तर ठीक, नाहीतर शेजारच्या बांधकामावरचे सिमेंटचे पोकळ ठोकळे उचलले जातात. असा ठोकळा भाराखाली कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो, आणि त्या गाडीखाली त्या वेळी माणूस असू शकतो, एवढे सांगून पुढे जाणेच बरे, कारण या एका ठिकाणी विनोदाला जागा नाही.

मदतनीसांची कामे ठरलेली असतात. एक जण मोबाईलचा उजेड धरतो आणि तो नेमका नट सोडून सर्वत्र पाडतो. दुसरा याच कामाचा व्हिडिओ पाहून प्रत्येक पायरी, ती चुकून झाल्यानंतर, मोठ्याने समजावून सांगतो. तिसरा काहीच करत नाही, परंतु 'माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे, त्याला बोलावू का?' हे वाक्य दर अर्ध्या तासाने निष्ठेने उच्चारतो. मागची बाजू पटकन होते: शॉकअपचे खालचे बोल्ट काढले की तुळई खाली झुकते, स्प्रिंग हाताने निघते, आणि मंडळी चहा घेत एकमेकांचे कौतुक करू लागतात. पुढच्या बाजूला गेल्यावर ही प्रसन्नता मावळते. तेथे चाक काढून ब्रेकच्या नळीची पकड, एबीएसची वायर आणि स्टॅबिलायझर लिंक सोडवावी लागते. मग स्ट्रटला चाकाच्या हबशी जोडणारे दोन जाड बोल्ट येतात, आणि त्यांनी बरेच पावसाळे पाहिलेले असल्यामुळे ते पान्याला दाद देत नाहीत. त्यांच्यावर गंज सोडवणारा फवारा मारला जातो, हातोडा मारला जातो, त्यांना आईबहिणीवरून बोलले जाते, शेवटी पान्याच्या दांड्यात नळाचा पाइप घालून तिघे त्याला लोंबकळतात, आणि बोल्ट सुटतो तेव्हा तिघांपैकी दोघे पेव्हिंग ब्लॉकवर बसलेले असतात.

याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली येतात. पिंपरी-चिंचवडच्या अशा सोसायटीत टेल्कोतून निवृत्त झालेले एक काका असतातच. कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले तरी त्यांच्यापुरती ती टेल्कोच असते. हात मागे बांधून ते पंधरा मिनिटे एक शब्द न बोलता उभे राहतात आणि मग एकच प्रश्न विचारतात: 'टॉर्क किती देणार आहेस, बाळा?' टॉर्क म्हणजे नट आवळताना द्यायचा, कारखान्याने मोजून ठरवलेला पीळ. तो देण्यासाठी मोजमाप असलेला वेगळा पाना लागतो, आणि तो उसन्या डब्यात नसतो. 'फुल टाइट करणार, काका,' या उत्तरावर काका काही न बोलता वर निघून जातात, आणि जेवणानंतर जुन्या पंच्यात गुंडाळलेला स्वतःचा टॉर्कचा पाना घेऊन परततात. तो पाना ते कोणाच्या हाती देत नाहीत. त्यामुळे घडते असे की, पार्किंगमध्ये गॅरेज मांडल्याबद्दल सोसायटीच्या मागच्या सभेत ज्यांनी सर्वांत कडक भाषण केले होते तेच काका दुपारी चारच्या सुमारास उजव्या मडगार्डखाली मान घालून तिन्ही मदतनीसांना क्रमाने मूर्ख ठरवताना दिसतात, आणि सेक्रेटरी वरूनच परत फिरतात.

सर्वांत नाजूक क्षण स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट सोडण्याचा असतो. हा नट दाबलेल्या स्प्रिंगला डांबून ठेवतो. मिलिमीटरला अडीच किलोचा जोर मागणारी स्प्रिंग पंधरा सेंटिमीटर दाबली की तिच्यात साठलेली ऊर्जा दहा किलोचा पाटा जवळजवळ एका मजल्यावरून खाली सोडल्याइतकी भरते, आणि कॉम्प्रेसर तिरका लागलेला असेल तर ती सगळी एकदम मोकळी होण्याचा संभव असतो. हे गणित मंडळींनी केलेले नसते, पण ते अंगाला कळते. व्हिडिओवाला चार पावले मागे सरतो, उजेड धरणाऱ्याचा हात प्रथमच स्थिर होतो, आणि तिसऱ्याला आईने घरी लवकर बोलावल्याचे आठवते.

संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरते आणि सर्वांचा हिरमोड होतो, कारण ती पूर्वीइतकीच, किंबहुना थोडी अधिकच उंच दिसते. यात आश्चर्य नाही: अधांतरी लोंबलेली चाके खाली टेकताना आत ओढलेली राहतात आणि जमिनीच्या पकडीमुळे लगेच बाहेर सरकत नाहीत. गाडी थोडी मागेपुढे ढकलली की ती हळूच बसते. त्या क्षणी गाडीबसव्या पालथा पडून, गाल जमिनीला लावून छायाचित्रे काढतो, आणि गाडी पाहण्यासाठी खाली उतरलेले वडील तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून विचारतात, 'चारी चाकं एकदम कशी रे पंक्चर झाली?' आईचा आक्षेप अधिक व्यावहारिक असतो: गाडीत बसताना पाटावर बसल्यासारखे वाटते आणि उठताना गुडघे बोलतात. आजी गाडीत न बसण्याचा निर्णय जाहीर करते. दसऱ्याला पुढच्या जाळीला बांधलेला झेंडूचा हार रस्त्याला टेकतो, आणि तो कात्रीने अर्धा करावा लागतो.

समाजशास्त्राच्या दृष्टीने खरा लक्षणीय बदल यानंतर सुरू होतो, तो असा की ज्याने वेगवान दिसण्यासाठी एवढा खटाटोप केला तो शहरातला सर्वांत सावकाश चालक बनतो. त्याचे सगळे भूगोलज्ञान आता गतिरोधकांभोवती रचले जाते. निगडीपासून कात्रजपर्यंतचा प्रत्येक उंचवटा, त्याचा चढ, त्याचा उतार, कोणत्या कडेने तो झिजून थोडा बसला आहे हे त्याला मुखोद्गत असते, आणि नव्या मैत्रिणीचे घर पाहण्यापूर्वी तो तिच्या गल्लीचे तोंड पाहून येतो. गतिरोधक आला की तो गाडी तिरकी घालतो, जेणेकरून एका वेळी एकच चाक वर चढेल. मागच्या बाकावर तिघे असतील तर ते सवयीने उतरतात, गतिरोधक चालत ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसतात. मागून येणारा टेम्पो हॉर्न वाजवतो, रिक्षावाला काय ते बोलून पुढे जातो, पण गाडीबसव्याचे लक्ष तिकडे नसते. त्याने गाणे बंद केलेले असते, तोंडाचा चंबू केलेला असतो, आणि तो पोटाखालचा आवाज ऐकत असतो. हलके खर्रर झाले तर संरक्षक पत्रा घासला, म्हणजे काही बिघडले नाही. ठण्ण झाले तर इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची परात, जिला मेकॅनिक चेंबर म्हणतात, तिला लागले, आणि मग पुढच्या वळणावर गाडी थांबवून रस्त्यावर तेलाचा थेंब शोधण्याचा विधी होतो.

या बाबतीत त्याच्यावर अन्यायही होतो, हे नमूद केले पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गतिरोधक हा ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, जेणेकरून तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येईल. स्विफ्टच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर सुमारे २.४ मीटर आहे, म्हणजे अशा गतिरोधकावर गाडीची चारही चाके एकाच वेळी चढलेली असू शकतात, आणि पोटाखालचे अंतर त्या वेळी जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटरांनी कमी होते; चाळीस मिलिमीटर बसवलेली गाडीसुद्धा तेथून न घासता जावी. प्रत्यक्षात गल्लीतला गतिरोधक हा रस्त्याचे काम संपल्यावर उरलेल्या डांबराचा किंवा सोसायटीच्या सभेत मंजूर झालेल्या सिमेंटचा, वीतभर रुंदीचा बांध असतो, जो दोन चाकांच्या मध्ये आला की आपल्या पूर्ण उंचीनिशी पोटाला भिडतो. परिणामी हा नियमभंजक तरुणच वॉर्डातला असा एकमेव नागरिक ठरतो ज्याला गतिरोधकाचे सरकारी माप तोंडपाठ असते आणि जो ते पाळले जावे म्हणून महापालिकेकडे अर्ज करतो. अर्जावर कार्यवाही होते. गतिरोधकावर पांढरे पट्टे मारले जातात.

एवढे सोसण्याचे कारण विचारले तर तो सौंदर्याचे नाव घेत नाही. ते पुरुषाला शोभत नाही अशी त्याची समजूत असते. तो शास्त्र पुढे करतो: गुरुत्वमध्य खाली आला की गाडी वळणावर स्थिर राहते. हे अर्धे खरे आहे. गाडी वळताना ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि तिला कलवणारा जोर गुरुत्वमध्य व हा बिंदू यांमधल्या अंतराबरोबर वाढतो. मॅकफर्सनच्या रचनेत गाडी फार खाली आणली आणि चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आडव्या रेषेपलीकडे कलला, की रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरते. म्हणजे दोहोंतले अंतर वाढते, आणि नव्या स्प्रिंगांचा ताठरपणा आड आला नाही तर गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलू शकते. चाकेही वरच्या बाजूने आत झुकतात, त्यांचा समोरचा रोख बदलतो, आणि अलाइनमेंट वेळेवर केली नाही तर टायर बाहेरून नवे व आतून गुळगुळीत होतात. अलाइनमेंटवाला त्याला नावाने ओळखतो, लग्नपत्रिका पाठवतो. आणि ज्या वळणांसाठी हे सगळे केले ती वळणे घाटात असतात. घाट लागेपर्यंतच्या गावांत मात्र गतिरोधक असतात.

कायद्याशी त्याचे नाते वकिली थाटाचे असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम कडकपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गाडीबसव्याचा युक्तिवाद असा की आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, वजन लिहिलेले असते, जमिनीपासूनची उंची कोठे लिहिलेली असते? चौकातला हवालदार हा प्रश्न ऐकून घेतो आणि गाडी बाजूला घ्यायला सांगतो. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांपुढेही हा पेच आला होता: कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस चाकाच्या रिमपेक्षा खाली लोंबणाऱ्या गाड्यांना मनाई केली, तेव्हा रॉन अगिरे याने १९५९ मध्ये आपल्या गाडीला तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली, जेणेकरून पोलीस दिसताच गाडी कळ दाबून वर उचलता येई. गाडीबसव्याला ही कथा ठाऊक असते आणि तो ती सांगतोही. त्याच्यापाशी मात्र कळ नसते. पोलीस दिसला की तो फक्त मागच्या तिघांना उतरवतो.

मूळ स्प्रिंगांचा प्रश्न कापणाऱ्या पंथाला पडत नाही, इतरांना पडतो. गाडी विकताना त्या परत चढवायच्या या हेतूने चारही स्प्रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे ठेवलेल्या असतात. दिवाळीच्या साफसफाईत त्या आईच्या हाती लागतात. 'हे लोखंड कशाला ठेवलंय?' हा प्रश्न ती पाळीवर गेलेल्या मुलाला फोन करून विचारते, पण मशीनच्या आवाजात त्याला तो ऐकू येत नाही आणि तो 'हो, हो' म्हणतो. भंगारवाला दारातच काटा धरतो, सात-आठ किलो भरतात, भावावरून घासाघीस होते, आणि आलेल्या पैशांत आई नवी गाळणी व मिठाची बरणी घेते.

त्यामुळे गाडी आहे तशीच विकावी लागते. पहिला गिऱ्हाईक बायको-मुलांसह येतो, एकदा खाली वाकून पाहतो आणि गावाकडचा रस्ता कच्चा असल्याचे सांगून निघून जातो. दुसरा भाव इतका पाडतो की काकाही मध्ये पडून त्याला टॉर्कच्या पान्याचा हवाला देतात. तिसरा संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून येतो; वय बावीसच्या आसपास असते, वडिलांना कल्पना दिलेली नसते. तो मायलेज विचारत नाही, विमा विचारत नाही, सर्व्हिसची पुस्तिका पाहत नाही. पुढच्या चाकाशी उकिडवा बसून, मोबाईलचा उजेड आत पाडून तो बराच वेळ पाहत राहतो आणि मग मान वर करून विचारतो, 'दादा, अजून एक वेटोळं निघेल का?'